नॅलॉक्सोनचा नाकातला फवारा: औषध उत्तम, कायदा आडवा
हेरॉइन किंवा फेंटानिल (अफूसारखं काम करणारं तीव्र वेदनाशामक) जास्त होऊन श्वास मंदावला, की हा ४ मिलिग्रॅमचा फवारा खरोखर जीव वाचवतो. माणसाला उताणं झोपवून मान मागे करा, टोक नाकपुडीत घालून दट्ट्या पूर्ण दाबा. आधी दाबून बघू नका. आत एकच डोस असतो, तो वाया जातो. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही, तर नवा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा थांबू शकतो, म्हणून अँब्युलन्स हवीच. घोडं इथेच अडतं: अटकेच्या भीतीने सोबतचे फोनच करत नाहीत. पोर्तुगालने २००१ मध्ये अंमली पदार्थांचा स्वतःपुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून वगळलं. तसा कायदा सगळीकडे हवा, आणि हा फवारा चिठ्ठीविना, फुकट.