ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा कुंईं आवाज आणि कुर्टीचं बिनबोर्डाचं गॅरेज

चार स्टार देतोय, पाचवा का नाही ते खाली येईलच. गोव्यात फोंड्याहून खांडेपारच्या बाजूला जाताना कुर्टीत एक पत्र्याची शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर दोनचार पिकअप आणि एखादा खाणीवरचा जुना टिपर उभा दिसला की तेच. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे ऑटोमॅटिक गियरबॉक्सला हात लावणारे आधीच कमी, आणि उघडायच्या आधी शांतपणे ऐकून घेणारे त्याहून कमी.

माझी गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, फोर बाय फोर, सिक्स स्पीड ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष गाडीचा नव्हताच. एका ठिकाणी गियरबॉक्सचं ऑइल बदलून घेतलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आवाज सुरू, शेजारच्या घरात मिक्सर लावल्यासारखा, ॲक्सिलरेटर दिला की सूर चढणार, सोडला की उतरणार. अनमोड घाटात तर बायको म्हणाली तो रेडिओ बंद कर, आणि रेडिओ बंदच होता. ऑइल बदललं तिथेच परत गेलो तर गाडी चालवून पण न बघता निकाल, बॉक्स गेला, ओव्हरहॉल करावा लागणार, दीड लाख धरून चला.

कुर्टीच्या मालकाने पहिलं काय केलं तर गाडी शेडमध्ये घेतलीच नाही, म्हणाला "बाब, बंद करू नका, चालूच ठेवा." उभ्या गाडीत लिव्हर पार्कमध्ये (पी) ठेवून रेस केलं, आवाज आला, मग न्यूट्रलला, तिथे पण तोच. म्हणजे चाकं फिरत नसताना आवाज येतोय, म्हणजे मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गियरचा डबा) आणि चाकाचे बेअरिंग दोन मिनिटांत यादीतून बाहेर, कारण ते आवाज गाडीच्या स्पीडबरोबर बदलतात, इंजिनच्या आरपीएमबरोबर नाही. मग ब्रेक दाबून डी (ड्राइव्ह) मध्ये टाकून बघितलं, तिथे आवाज एकदम वाढला असता तर टॉर्क कन्व्हर्टरवर (इंजिनची ताकद ऑइलमधून गियरबॉक्सला देणारा भाग) संशय धरला असता म्हणे, पण फरक पडला नाही. एखाद्याच गियरमध्ये येतो का ते बघायला बोरी पुलापर्यंत एक चक्कर मारली, सगळ्या गियरमध्ये सारखाच. एकाच गियरमध्ये आला असता तर बॉक्सच्या आतल्या प्लॅनेटरी गियरचं (वेगवेगळे गियर देणारा दात्यांच्या चाकांचा संच) बघावं लागलं असतं आणि मग खर्च खरंच मोठा होता.

परत आल्यावर मात्र त्याने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. इंजिनचा पुढचा बेल्ट काढला आणि मिनिटभरच गाडी चालू केली (जास्त नाही, वॉटर पंप पण त्याच बेल्टवर आहे). अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पुली, हे सगळे असाच कुंईं आवाज काढतात आणि लोक उगाच गियरबॉक्स उघडून बसतात. बेल्ट काढून पण आवाज तसाच, मग डॉक्टरांसारखा स्टेथोस्कोप लावून खालून ऐकलं, कन्व्हर्टरच्या मागे जिथे ऑइल पंप असतो तिथे सगळ्यात जास्त. हा पंप इंजिनबरोबर फिरतो, गाडी पार्कमध्ये असो की डी मध्ये, म्हणून आवाज सगळीकडे सारखा. वर बघून म्हणतो, "आवाज बॉक्साचोच, पूण बॉक्स बरो आसा."

कारण निघालं ऑइल कमी. ह्या बॉक्सला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसते, लेव्हल बघायची तर गाडी सपाट उभी, इंजिन चालू, सगळ्या गियरमधून लिव्हर फिरवून स्कॅनरवर ऑइलचं टेम्परेचर कंपनीने दिलेल्या रेंजमध्ये आलं की खालचा प्लग उघडायचा, बारीक धार यायला पाहिजे. माझ्या गाडीतून एक थेंब आला नाही. आधीच्या लोकांनी जेवढं गळलं तेवढं अंदाजाने ओतलेलं, आणि फिल्टर तर बदललाच नव्हता. ऑइल कमी आणि फिल्टर चोक असला की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, ऑइलला फेस येतो आणि तोच पंप ओरडतो. तसंच दामटत राहिलं की प्रेशर पडतं, क्लच प्लेट घसरून जळतात आणि मग ते दीड लाख खरे होतात.

ऑइल भरल्यावर आवाज निम्मा झाला, पॅन उतरवून फिल्टर बदलल्यावर गेला. पॅनमधले मॅग्नेट मला बोलावून दाखवले, त्यावर नेहमीच्या झिजेची करड्या रंगाची मऊ पेस्ट होती, ती चालते, चकाकणारे तुकडे असते तर चालले नसते. ऑइल लालसर होतं, दुधाळ गुलाबी नव्हतं, म्हणजे पाणी पण शिरलेलं नाही. आपल्या पावसात रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून गाड्या घालणाऱ्यांनी हे नक्की बघून घ्यावं.

डायग्नोसिसचे वेगळे 1500 घेतले आणि मला ते अजिबात जड गेले नाहीत, उलट सगळ्यांनी असेच घ्यावेत, म्हणजे बॉक्स उघडण्यातच कमाई आहे असं कोणाला वाटणार नाही. ऑइल, फिल्टर, गॅस्केट धरून बिल वीस हजाराच्या आत. मागच्या डिफरन्शियलचा अगदी बारीक आवाज त्याने स्वतःहून सांगितला, आणि आत्ता काही करू नका, फक्त त्यातलं ऑइल पुढच्या सर्व्हिसला बदला, असं पण सांगितलं.

आता पाचवा स्टार. फोन उचलत नाही. लिफ्ट एकच, फिल्टर बेळगावहून मागवला त्यात गाडी अडकून पडली आणि कधी येणार विचारलं की "येतलो" (येईल) एवढंच उत्तर. दुपारी एक ते तीन शटर खाली, पावसात शेडसमोर तळं, बसायला एक मोडकी खुर्ची. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. सकाळी लवकर गेलात तर मालक स्वतः गाडी चालवून बघतो, नंतर पोरं बघतात, पोरं बरी आहेत पण कान मालकाचाच. आणि चतुर्थीच्या आठवड्यात जाऊ नका, बंद असतं.