शेव्हेल एसएसच्या नावाखाली मॅलिबू : जुनी मसल कार घेताना झालेली फसवणूक

२०२२ च्या एप्रिलमध्ये ओहायोतील एका गृहस्थाकडून मी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ म्हणून ६२,००० डॉलरला गाडी घेतली. ती एसएस, म्हणजे शेव्हेलचा मोठ्या इंजिनाचा महागडा प्रकार, नव्हती. ती शेव्हेलचीच साधी मॅलिबू होती, तिच्यात दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून त्यावर खोटे आकडे ठोकले होते, आणि तिची खरी किंमत ३४,००० डॉलरच्या वर जात नाही, असे नंतर दोन जाणकारांनी मला स्वतंत्रपणे सांगितले. मिशिगनमधील माझ्या परिचयाची दोन मराठी कुटुंबे सध्या अशाच गाड्यांच्या शोधात असून भावाबद्दल मला विचारत आहेत. त्यांना फोनवर अर्धवट काही सांगण्यापेक्षा सगळे सविस्तर लिहावे, असे मला वाटले.

मी ही गाडी हौस म्हणून घेतली नव्हती. १९९८ च्या जानेवारीत आम्ही भारतातून येऊन रॉयल ओकला ज्यांच्या घरात भाड्याने राहिलो, ते घरमालक फ्लिंटच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झाले होते. आम्ही त्यांना घरात आजोबाच म्हणत असू. बर्फात गाडी घसरू लागली की ब्रेकवर पाय देऊ नये, हे मला त्यांनी शिकवले. त्यांच्याकडे क्रॅनबेरी रेड रंगाची १९७० ची शेव्हेल होती आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी मोठी मिरवणूक १९९५ पासून निघते, तिच्यात ते आमच्या मुलीला मागच्या सीटवर बसवून नेत. २०११ साली ते गेले आणि आठवड्याभरात त्यांच्या मुलाने ती गाडी विकून टाकली. तेव्हा ती घेण्याइतके पैसे माझ्याजवळ नव्हते. पुढे अकरा वर्षे मी जी गाडी शोधत होतो, ती खरे तर हीच होती. ही गोष्ट मी विक्रेत्याला पहिल्याच फोनवर मोकळेपणाने सांगून टाकली आणि माझी सर्वांत मोठी चूक तीच होती.

या गाड्यांचे भाव कसे ठरतात, हे आधी सांगितले पाहिजे, कारण फसवणुकीचे मूळ तिथेच आहे. १९७० साली आठ सिलिंडरची नवी मॅलिबू सुमारे २,८०० डॉलरला मिळत असे. त्यावर सुमारे ४४६ डॉलर भरून झेड२५ हा पर्याय निवडला की तीच गाडी एसएस ३९६ होऊन बाहेर पडे : मोठे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, फुगीर बॉनेट, एसएसची चिन्हे. त्या वर्षी अशा पन्नास हजारांहून अधिक गाड्या बनल्या, म्हणजे ती काही दुर्मीळ वस्तू नव्हे. पण पुढे विम्याचे हप्ते वाढले, प्रदूषणाचे कायदे आले, १९७३ चे तेलसंकट आले आणि ताकदीच्या इंजिनांचा तो काळ संपला. त्या काळी विशीत असलेली आणि अशी गाडी न परवडलेली पिढी निवृत्तीला आल्यावर हातात पैसा घेऊन बाजारात उतरली. त्यामुळे ४४६ डॉलरच्या त्या एका पर्यायाने आज गाडीच्या किमतीत पंचवीस-तीस हजार डॉलरचा फरक पडतो. शिखरावरचे सौदे तर वेगळेच असतात. १९७१ ची प्लिमथ हेमी कूडा ही उघड्या टपाची गाडी केवळ अकराच बनली होती, आणि त्यांतील एक २०१४ साली सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. अशा बातम्या वाचून साध्या गाडीचा मालकही आपली किंमत मनातल्या मनात वाढवू लागतो, आणि लबाड माणसाला साध्या गाडीची महागडी गाडी करण्याचा मोह होतो.

शेव्हेलच्या बाबतीत ही लबाडी फार सोपी आहे. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांत व्हिनमधील, म्हणजे प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकातील, पाचवे अक्षर इंजिन कोणते ते सांगते. पॉन्टियाकच्या गाडीची मूळ कागदपत्रे पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मागवता येतात, तर १९६७ पासूनच्या फोर्डच्या गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींवरून तयार केलेला मार्टी रिपोर्ट मिळतो. १९७० च्या शेव्हेलचे तसे नाही. तिचा व्हिन १३६३७ ने सुरू होत असेल, तर ती आठ सिलिंडरची, दोन दारांची मॅलिबू हार्डटॉप, एवढेच त्यातून कळते. एसएसचाही आकडा तोच असतो. पूर्वी कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांच्या नोंदी जनरल मोटर्सच्या कॅनडातील कचेरीकडून मिळत असत, परंतु अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोलेसाठी तशी सोय नाही. म्हणून सगळा भार इंजिनवर ठोकलेल्या आकड्यांवर आणि बिल्ड शीटवर येतो. बिल्ड शीट म्हणजे कारखान्यातील कामगारांना कोणत्या गाडीत काय बसवायचे ते सांगणारा कागद. तो बहुधा पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो.

विक्रेत्याने मला बिल्ड शीट प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली दाखवली. तपकिरी पडलेला कागद, घड्यांवर फाटलेला, झेड२५ च्या चौकटीत खूण आणि खाली या गाडीचा व्हिन. मग त्याने बॉनेट उघडून, टॉर्च मारून, प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडसमोरची सपाट पट्टी दाखवली. तिच्यावरचे आकडे आणि डॅशबोर्डवरचा क्रमांक मी स्वतः एकेक अंक वाचून जुळवले. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीत तिचे जन्मजात इंजिन आहे, याची खूण म्हणजे हीच जुळणी, आणि भाव वाढतो तो तिच्यामुळे.

त्यानंतर त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांनी व्हिएतनामहून परतल्यावर साठवलेल्या पगारातून ही गाडी घेतली. या गाडीतूनच ते आईला लग्नानंतर घरी घेऊन आले आणि शेवटच्या आजारातही खिडकीतून गॅरेजकडे बघत असत. ही गोष्ट ऐकताना मला सतत आमचे आजोबा दिसत होते. आज आठवून पाहतो तेव्हा लक्षात येते, की माझ्या प्रत्येक शंकेला त्या गोष्टीतला एकेक प्रसंग उत्तर म्हणून तयार होता. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या, पट्टीवर रंगाचा आकडा ४८, म्हणजे गडद हिरवा, होता आणि गाडी तर लाल होती. त्यावर, १९८५ च्या सुमारास आईच्या हट्टाखातर वडिलांनी ती लाल करून घेतली, असे उत्तर मिळाले. मालकीचा कागद केवळ चौदा महिन्यांपूर्वीचा होता. त्यावर, वडील गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली, असे उत्तर मिळाले. शोक करणाऱ्या माणसाला याहून अधिक काय विचारायचे? बाहेरच्या जाणकाराकडून तपासणी करून घेण्याचे पाचशे डॉलर मी वाचवले, फारशी घासाघीसही केली नाही, आणि ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिलेल्या करारावर सही करून विसार देऊन परत आलो. उरलेली रक्कम आठवड्याने दिली. मिशिगनचा सहा टक्के विक्रीकर म्हणून आणखी ३,७२० डॉलर भरले. निघताना त्याने वडिलांचा गाडीजवळ उभा असलेला एक फोटो चौकटीसह मला दिला आणि तो गाडीबरोबरच राहावा, असे सांगितले. त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते.

पुढच्या उन्हाळ्यात इंजिनमधून तेल गळू लागले म्हणून गाडी फ्लिंटजवळच्या एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्यांनी गळती शोधण्यासाठी इंजिनच्या मागच्या भागावरचा नारिंगी रंगाचा जाड थर तारेच्या ब्रशने घासला आणि खालचे उठावाचे ओतीव आकडे दिसू लागले : ई, १३, ०. जनरल मोटर्सच्या पद्धतीत ए म्हणजे जानेवारी, म्हणून ई म्हणजे मे, आणि शून्य म्हणजे १९७०. हा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, १३ मे १९७० रोजी ओतला गेला होता. पुढच्या पट्टीवर मात्र इंजिन टोनावांडाच्या कारखान्यात ६ फेब्रुवारीला जोडले गेल्याचे आकडे होते, आणि फायरवॉलवरच्या पट्टीनुसार गाडीचा सांगाडाही फेब्रुवारीच्याच तिसऱ्या आठवड्यातला होता. मे महिन्यात ओतलेले लोखंड फेब्रुवारीत बनलेल्या गाडीत कसे असेल? मग त्यांनी पट्टी रॉकेलने पुसून भिंग माझ्या हातात दिले. कारखान्यात ब्रोचिंग यंत्राने कापलेल्या पृष्ठभागावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. माझ्या इंजिनवर त्या नव्हत्या. ग्राइंडरने घासल्याच्या गोल ओरखड्यांवर नवे आकडे बसवलेले होते. कारागीर बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी हलक्या आवाजात विचारले, ‘किती दिलेत?’ आकडा सांगताना मला माझाच आवाज ओळखू येईना.

बिल्ड शीट प्लॅस्टिकमधून काढून त्याच भिंगाखाली धरली. शाईच्या फितीवरून ठोकून छापलेले अक्षर जसे दिसते तसे ते नव्हते. काळ्या अक्षरांच्या कडांना निळे, गुलाबी आणि पिवळे ठिपके होते, म्हणजे तो आजच्या घरगुती प्रिंटरचा छापा होता. टाकी उतरवली, तेव्हा तिच्या वर गंजाला चिकटलेला, अर्धाअधिक उंदरांनी खाल्लेला खरा कागद निघाला. त्याच्यावर या गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक शाबूत होते आणि झेड२५ ची चौकट रिकामी होती. खरा पुरावा वर्षभर माझ्याच गाडीखाली होता.

ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला तेल बदलल्याचे केंटकीतील एका गॅरेजचे जुने स्टिकर होते. तिथे फोन केला, तर तिथल्या मेकॅनिकला ती हिरवी गाडी नीट आठवत होती. एका वृद्ध बाईंची ३०७ इंजिनाची, ऑटोमॅटिक गियरची मॅलिबू, जी त्यांच्या घरच्यांनी ११,००० डॉलरला विकली. म्हणजे व्हिएतनामहून परतलेल्या त्या वडिलांचा या गाडीशी कधीच संबंध आलेला नव्हता.

वकिलांनी सांगितले, की ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांनी जाणूनबुजून केलेली फसवणूक माफ होत नाही, परंतु विक्रेत्याला सत्य ठाऊक होते हे आपल्याला सिद्ध करावे लागेल, आणि खटल्याचा खर्च वसुलीइतकाच होण्याची भीती आहे. विक्रेत्याचे म्हणणे, की तोही फसला. वडिलांच्या गोष्टीबद्दल विचारले, तर ती करारात कुठे लिहिली आहे, असा त्याचा प्रश्न. आठ महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर ९,००० डॉलर परत मिळाले आणि त्यातले तीन हजार वकिलांना गेले. राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे मी तक्रार नोंदवली आहे, कारण निदान पुढच्या माणसाने चौकशी केली तर काहीतरी सापडावे.

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की विसार देण्यापूर्वी त्याच ब्रँडच्या गाड्यांवर काम करणारा, विक्रेत्याने न सुचवलेला कारागीर सोबत न्या, आणि पुढच्या पट्टीवरच्या आकड्यांबरोबर मागची ओतीव तारीखही त्याला वाचायला लावा, कारण पुढचे आकडे ठोकता येतात, पण ओतलेली तारीख कुणी सहसा बदलायला जात नाही. मालकीच्या कागदाच्या मागच्या नोंदी काढा. विक्रेता जे जे तोंडी सांगेल, ते ‘ही गाडी मूळची एसएस आहे आणि इंजिन जन्मजात आहे’ अशा स्पष्ट शब्दांत करारात लिहून घ्या. तो कचरला, तर तिथूनच परत फिरा. जाहिरातीत ‘क्लोन’ किंवा ‘ट्रिब्यूट’ (म्हणजे एसएससारखी सजवलेली साधी गाडी) असे प्रामाणिकपणे लिहून मॅलिबूच्या भावात विकलेली गाडी घेण्यात काहीही गैर नाही, ती चालवण्याचा आनंद तोच असतो. आणि आपल्या आठवणींबद्दल विक्रेत्यासमोर एक अक्षरही बोलू नका. आजोबांच्या गाडीसाठी मी पाच-दहा हजार जास्त दिले असते तरी मला त्याचे दुःख झाले नसते, कारण ती आठवण माझी होती. मी पैसे दिले ते दुसऱ्याच्या वडिलांच्या आठवणीचे, आणि ती आठवणही बनावट होती.

तो फोटो वर्षभर माझ्या टेबलावर होता. हे सगळे उघड झाल्यावर मी तो चौकटीतून बाहेर काढला. विशी-बाविशीचा एक तरुण लाल शेव्हेलला टेकून हसतो आहे, आणि चौकटीच्या लाकडाखाली झाकलेल्या पांढऱ्या कडेवर छापले आहे : जुलै ७१. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे गाडी लाल झाली ती १९८५ च्या सुमारास. म्हणजे फोटोतला तरुण खरा आणि त्याची लाल गाडीही खरी, पण दोघेही दुसऱ्याच कुठल्यातरी घरातले. त्या घरच्यांनी हा फोटो विकला, की रद्दीत गेला, की घर रिकामे करताना कुणाच्या तरी हाती लागला, हे मला कळण्याचा मार्ग नाही. मागे काहीच लिहिलेले नाही. मी तो नव्या पाकिटात घालून कपाटात ठेवला आहे, आणि दर ऑगस्टमध्ये वुडवर्डवर क्रॅनबेरी रेड शेव्हेलच्या शेजारी सत्तरीचे कुणी गृहस्थ उभे दिसले, की मी जवळ जाऊन त्यांचा चेहरा नीट पाहतो.