रिफ्लेक्शनने इव्हेंट शोधून जोडणे: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर वजनकाटा, बारकोड स्कॅनर आणि लेबल प्रिंटर अशा उपकरणांसोबत काम करते. प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर स्वतंत्र डीएलएलमध्ये (प्रोग्रॅमला जोडता येणाऱ्या कोडच्या फाइलमध्ये) असतो आणि सॉफ्टवेअर सुरू होताना तो एका ठरावीक फोल्डरमधून लोड होतो. कोणत्या उपकरणाने कोणता इव्हेंट (काही घडल्याची सूचना) केव्हा फायर केला, याची नोंद ठेवणारा भाग लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्या ड्रायव्हरमधल्या क्लासची नावे आमचा कोड कंपाइल होताना माहीत असणे शक्यच नव्हते. म्हणून सी शार्पमधील रिफ्लेक्शनचा, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना क्लासची रचना तपासण्याचा, मार्ग निवडला. तो भाग आज आठ महिने रोज चालू आहे आणि मी तो पुन्हा तसाच निवडेन. मात्र इव्हेंट शोधणे हे या कामातले सर्वांत सोपे पाऊल आहे. खरे कष्ट हँडलर (इव्हेंट आला की चालणारी मेथड) जोडण्यात आणि त्याहून अधिक तो काढण्यात आहेत.

शोधण्याची पद्धत थोडक्यात सांगतो. ऑब्जेक्टचा टाइप घेऊन त्यावर गेटइव्हेंट्स ही मेथड कॉल केली की त्या क्लासचे आणि त्याला वारशाने मिळालेले सार्वजनिक इव्हेंट हाती येतात. डॉट नेटमधल्याच फाइलसिस्टिमवॉचर या क्लासवर हा प्रयोग करून पाहावा. चेंज्ड, क्रिएटेड, डिलीटेड, रीनेम्ड आणि एरर हे पाच इव्हेंट तर मिळतातच, शिवाय काँपोनंट या मूळ क्लासकडून आलेला डिस्पोज्डही मिळतो. इव्हेंट सहा, पण त्यांचे डेलिगेट (ठरावीक पॅरामीटरच्या मेथडकडे निर्देश करणारे ऑब्जेक्ट) चार वेगवेगळ्या प्रकारचे. चुकीच्या प्रकारचा डेलिगेट हँडलर जोडणाऱ्या ॲडइव्हेंटहँडलर मेथडला दिला तर तो सरळ अपवाद फेकतो, त्यामुळे सर्वांसाठी एकच तयार डेलिगेट चालत नाही.

यावरचा उपाय डॉट नेट 2.0 पासून, म्हणजे 2005 पासून, उपलब्ध आहे आणि तो मला अतिशय आवडतो. ऑब्जेक्ट आणि इव्हेंटआर्ग्ज हे दोन पॅरामीटर घेणारी एकच मेथड लिहावी, इव्हेंटचे वर्णन करणाऱ्या इव्हेंटइन्फोकडून त्याचा डेलिगेट-प्रकार विचारावा आणि क्रिएटडेलिगेटने त्याच प्रकारचा डेलिगेट तयार करून घ्यावा. रीनेम्डसोबत येणारी माहिती इव्हेंटआर्ग्जपासूनच निघालेली असल्याने ती या मेथडमध्ये बिनतक्रार बसते. एकदा हँडलर जोडला गेला की पुढे प्रत्येक वेळी इव्हेंट फायर होताना साधा डेलिगेट कॉल होतो, रिफ्लेक्शन मध्ये येत नाही. वेगाची काळजी करणाऱ्या सहकाऱ्यांना मी हेच सांगतो: खर्च जोडतानाचा आहे, वापरतानाचा नाही. ज्या ड्रायव्हरने इव्हेंटसाठी नेहमीची दोन पॅरामीटरची रीत सोडून थेट ॲक्शन हा वेगळ्या पॅरामीटरचा तयार डेलिगेट वापरला आहे, तेथे मात्र ही युक्ती चालत नाही आणि एक्स्प्रेशन ट्रीमधून (प्रोग्रॅम चालू असताना कोड रचण्याच्या सोयीतून) डेलिगेट बांधावा लागतो.

आता त्रासाकडे येतो. दुसऱ्या महिन्यात एका वजनकाट्याच्या नोंदी येईनाशा झाल्या. सॉफ्टवेअर व्यवस्थित चालत होते, पडद्यावर वजन दिसत होते, एररचा मागमूस नव्हता. शोध घेतल्यावर कळले की त्या ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीत इंटरफेसमधला (क्लासने पाळायच्या करारातला) इव्हेंट एक्स्प्लिसिट पद्धतीने, म्हणजे फक्त त्या इंटरफेसमार्फत वापरता येईल असा, लिहिला होता. अशा वेळी क्लासच्या बाजूने तो इव्हेंट खासगी ठरतो आणि त्याच्या नावाआधी इंटरफेसचे पूर्ण नाव लागते, त्यामुळे साध्या नावाने विचारले की गेटइव्हेंट नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करतो. आमच्या कोडमध्ये तो नल प्रश्नचिन्ह-टिंबाने (नल असल्यास पुढचा कॉल गुपचूप वगळणाऱ्या चिन्हाने) गिळला जात होता. ते एक चिन्ह आम्हाला दोन आठवड्यांच्या नोंदींना पडले. तेव्हापासून मी इव्हेंट क्लासवर न शोधता इंटरफेसच्या टाइपवर शोधतो आणि सापडला नाही तर सॉफ्टवेअर सुरूच होऊ देत नाही. एक इंटरफेस दुसऱ्यापासून निघालेला असेल तर मूळ इंटरफेसचे इव्हेंट आपोआप येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. गेटइंटरफेसेसने मिळणारा प्रत्येक इंटरफेस स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

दुसरी अडचण हँडलर काढण्याची. आमच्या समाईक मेथडला आपल्याला कोणत्या इव्हेंटने बोलावले हे कळत नसल्याने मी प्रत्येक इव्हेंटसाठी एक छोटा ऑब्जेक्ट बनवत होतो, ज्याच्या पोटात इव्हेंटचे नाव असे. रचना योग्य होती. परंतु रिमूव्हइव्हेंटहँडलर कॉल करताना मी तो ऑब्जेक्ट नव्याने बनवत होतो. मेथड आणि ऑब्जेक्ट दोन्ही तेच असतील तरच दोन डेलिगेट समान मानले जातात; ऑब्जेक्ट नवा असल्याने काढण्याजोगे काहीच सापडत नसे, आणि न सापडल्यास डॉट नेट तक्रारही करत नाही. उपकरणांची खिडकी तीन वेळा उघडून बंद केली की चौथ्या वेळी एकाच वजनाच्या चार नोंदी होत. शिवाय ड्रायव्हर ते जुने ऑब्जेक्ट धरून ठेवत असल्याने मेमरीही सुटत नव्हती. आता जोडलेला प्रत्येक डेलिगेट, त्याचा इव्हेंटइन्फो आणि लक्ष्य ऑब्जेक्ट अशी तिन्ही एका यादीत ठेवतो आणि काढताना तोच डेलिगेट परत देतो.

ट्रिमिंग (न वापरलेला कोड काढून टाकणे) वापरून प्रोग्रॅमचा आकार कमी करण्याचा विचारही झाला होता, पण बाहेरून डीएलएल लोड करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते मानवत नाही, म्हणून सोडून दिला.

जेथे क्लास कंपाइल होतानाच माहीत आहे, तेथे मी आजही अधिक-बरोबर (+=) लिहूनच हँडलर जोडतो. तेथे नावातली चूक कंपायलर तत्काळ दाखवतो. रिफ्लेक्शनचा सगळा कोड एकाच फाइलमध्ये, सुमारे दीडशे ओळींत आहे. गेल्या महिन्यात लेबल प्रिंटरचा एक नवा ड्रायव्हर आला. तो फोल्डरमध्ये ठेवला, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केले आणि आमच्या कोडची एकही ओळ न बदलता त्याच्या नोंदी पहिल्या लेबलपासून येऊ लागल्या.