दुसऱ्याच्या नावाच्या कार्त ग्रीझवर (फ्रान्सच्या आरसी बुकावर) जुनी २ सीव्ही घेऊ नका

एकूण ८,९०० युरो गेले. ५०० बँकेतून आगाऊ, ८,४०० रोख, समोर बसून मोजून दिले. गाडी १९८६ ची सिट्रोएन २ सीव्ही, लाल, ६०२ सीसी. आज ती गॅरेजच्या मागच्या अंगणात उभी आहे आणि दुरुस्तीचा अंदाज ५,६४० युरो आलाय. फ्रान्समध्ये राहणारं आपल्यापैकी कुणी जुनी २ सीव्ही, रनो ४ किंवा प्यूजो ५०४ शोधत असेल तर पैसे काढण्याआधी हे वाचा.

मी डोळे झाकून गेलो नव्हतो. मेकॅनिकल इंजिनिअर आहे. काका कल्याणला प्रीमियरच्या कारखान्यात होते, जिथे प्यूजो ३०९ बनायची, त्यामुळे फ्रेंच गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. कोंत्रोल तेक्निकचा, म्हणजे गाडीच्या तांत्रिक तपासणीचा, कागद बघितला, सहा महिन्यांच्या आतला होता, म्हणजे नियमाप्रमाणे. गाडीवर बोजा नसल्याचा सरकारी दाखला मी स्वतः काढला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. आणखी काय करायचं होतं?

पण २ सीव्हीचं इंजिन मरत नाही, चासी मरते. पातळ पत्र्याची पोकळ पेटी ती, आत पाणी शिरलं की तिथेच राहतं आणि गंज आतून खात सुटतो. बॉडी वर बोल्टांनी बसवलेली असते. त्यामुळे वर नवा रंग, नवे मडगार्ड, नवं छताचं कापड, आणि खाली वाळवी लागलेल्या वाशासारखी चासी, असं सर्रास खपवता येतं. कोंत्रोल तेक्निकवाला काही सुटं करत नाही, खरवडत नाही. दिसेल तेवढंच लिहितो.

मी वाकून खाली बघितलं. सगळीकडे ब्लॅकसन, म्हणजे तो डांबरासारखा काळा थर, अगदी एकसारखा. बोट लावलं तर बोटाला चिकटलं. चाळिशीला आलेल्या गाडीच्या पोटाला ओलं डांबर! किल्लीचं टोक टोचून बघणार, तेवढ्यात विकणारा म्हणाला, "जरा सांभाळून हं, परवाच दिलाय, थंडीच्या आधी दरवर्षी देतो." आणि मी किल्ली खिशात टाकली. इथेच उठून चालू पडायला हवं होतं. हे रोज आठवतं आणि रोज तळपायाची आग मस्तकात जाते. पण परक्या माणसाच्या अंगणात उभं राहून, त्याने हातात कॉफी दिलेली असताना, त्याच्या गाडीला किल्ली खुपसायचा संकोच कुणालाही वाटेल. तो त्या संकोचावरच धंदा करतो. तुम्ही संकोच करू नका. टोचू देत नसेल तर गाडी घेऊ नका.

आता त्याहून मोठा खड्डा. कार्त ग्रीझ, आपल्या आरसी बुकासारखं, त्याच्या नावावर नव्हतंच. एका बाईंच्या नावावर होतं. "माझी मावशी, वृद्धाश्रमात असते, तिच्यासाठी विकतोय." कार्त ग्रीझवर आडवी रेघ मारून सही झालेली, विक्रीच्या फॉर्मवरही बाईंचीच सही, फक्त तारीख मोकळी. पावतीही मावशीच्या नावाने. मी बँकेचा चेक देतो म्हटलं तर म्हणाला, खोटे चेक फार सुटलेत, रोखच द्या. खोट्या चेकांची फसवणूक इथे खरोखरच चालते, म्हणून मला पटलं.

गाडी घेतल्यावर गॅरेजमध्ये जॅक लावला, गाडी वर गेली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडेना. चासी मधोमध वाकली होती. मेकॅनिकने डांबर खरवडलं तर खाली फायबर आणि पुट्टी. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला.

मग मी मावशींच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. उत्तर मुलीचं आलं: आईने गाडी याच माणसाला १,२०० युरोला दिली, तो आमचा नातेवाईक नाही. म्हणजे साहेब व्यापारी. इथे गाडी घेतली की महिन्याभरात नावावर करावी लागते. व्यापारी असेल तर त्याच्याकडे खरेदी कळवल्याची सरकारी पावती असते. याने दोन्ही केलं नाही. कागदोपत्री मला गाडी विकली त्या म्हातारीने, आणि पैसे घेणारा कुठेच नाही.

हे सगळं घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. "दिवाणी मामला आहे." मुलीचं पत्र पुढे केलं. "फॉर्मवर विकणारा कोण?" एका शब्दाला अडखळलो तर काउंटरवरचा म्हणतो, फ्रेंच येणारं कुणीतरी घेऊन या. मी फ्रेंचमध्येच बोलत होतो! इथे कर भरतो, घर घेतलंय, आणि मला ही वागणूक. शेवटी तक्रार न घेता नुसती नोंद केली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५-३ प्रमाणे गुन्ह्याची तक्रार घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, हे मला घरी आल्यावर कळलं. तुम्ही ते छापून न्या. ग्राहकांच्या कार्यालयात सांगितलं, तो व्यापारी असल्याचा पुरावा आणा. अरे, तो शोधायचं काम कुणाचं? बँक म्हणते, रोख तुम्हीच काढलीत. प्रत्येक जण पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि तोवर तो माणूस गाड्या रंगवत बसलाय.

ते ५०० युरो मात्र त्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात गेलेत. माझ्या हातात एवढाच धागा आहे. म्हणून सांगतो, रोख देऊ नका, ट्रान्सफर करा, आणि तेही कार्त ग्रीझवर ज्याचं नाव त्यालाच. ओळखपत्र मागा, नाव जुळवा. मालकाला हिस्टोव्हेकचा, म्हणजे गाडीचा इतिहास दाखवणाऱ्या सरकारी साइटचा, अहवाल काढून पाठवायला सांगा. टाळाटाळ केली तर विषय संपला.

आता मी सरकारी वकिलांना थेट रजिस्टर पत्र पाठवलंय, पोच पावतीसह. तज्ज्ञाच्या अहवालाला ४८० युरो घातले. छुप्या दोषाचा दावा, दिवाणी संहितेचं कलम १६४१, दोष कळल्यापासून दोन वर्षांत लावता येतो, आणि १०,००० युरोपर्यंत वकील लागत नाही. तो दावा मी लावणार आहे.

त्याच फोन नंबरवर सध्या एक मेहारी, सिट्रोएनचीच उघडी गाडी, विकायला आहे, लिमोजच्या बाजूला, ११,५०० युरो. तिची बॉडी प्लास्टिकची, ती गंजत नाही, पण चासी लोखंडीच. जाहिरातीत लिहिलंय, "चासी निर्दोष, नुकतीच संरक्षित केलेली." कुणी बघायला जाणार असाल तर आधी मला कळवा. बाईंच्या मुलीच्या पत्राची प्रत देतो.