वादळानंतरची वीज : इन्व्हर्टर, जनरेटर की सोलर?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि काही तासांत पुढे निघून गेलं. वीज मात्र श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हाही सिंधुदुर्ग-रत्नागिरीत खांब आडवे झाले. त्यामुळे आता आंब्याला आलेला चाकरमानी परत निघायच्या आधी हमखास विचारतो : गावी आईवडील दोघंच असतात, त्यांच्यासाठी इन्व्हर्टर बसवू, जनरेटर घेऊ की सोलर?

मी म्हणेन, दुकानात जाण्याआधी विहिरीकडे जाऊन या. वीज गेली म्हणून कोकणातल्या घरात अंधाराने फारसं अडत नाही. कंदील, बॅटरी, मेणबत्ती, काहीतरी निघतंच. अडतं ते पाण्याने. मोटर बसल्यापासून रहाट मोडीत निघाले, विहिरीवर जाळी आली, जाळीला कुलूप लागलं. वीज गेली की विहीर तुडुंब भरलेली असूनही घरात प्यायला पाणी नाही, अशी गत होते. म्हणून या तिन्ही गोष्टींना मी एकच प्रश्न लावतो : पंधरा दिवस वीज नसेल तर घरात पाणी येईल का?

पंधरा दिवस हे घाबरवण्यासाठी म्हणत नाही. आपल्याकडे तारा डोंगरातून, बागांतून, जंगलातून येतात. एक फणस आडवा झाला की तीन खांब घेऊन जातो. दुरुस्ती वरून खाली होत येते : आधी उपकेंद्राकडे येणारी मोठी लाइन, मग गावाकडची उच्चदाब लाइन, मग ट्रान्सफॉर्मर, आणि सगळ्यात शेवटी वाडीतले लहान खांब. पाखाडीच्या, म्हणजे वाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेच्या, टोकाला घर असेल, तर तुमचा नंबर शेवटचा हे धरूनच चला.

इन्व्हर्टरपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांच्या मनात तोच असतो. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून हाताशी हजार-बाराशे धरा. 9 वॉटचे चार दिवे, एक साधा पंखा आणि मोबाइलचं चार्जिंग मिळून 120 वॉटच्या आसपास भार होतो, म्हणजे नऊ-दहा तास. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा असेल तर हेच पंधरा तासांवर जातं. त्यानंतर तो नुसता खोका. वर्षभर लाइट जाते-येते, त्याला इन्व्हर्टरसारखं सुख नाही. म्हाताऱ्या माणसांना काही सुरू करावं लागत नाही, आवाज नाही, धूर नाही. पण वादळाच्या दुसऱ्या दिवशी तो संपतो, आणि घरगुती लहान इन्व्हर्टरवर विहिरीची मोटर मुळात चालतच नाही. रिकामी बॅटरी तशीच दोन-तीन आठवडे पडून राहिली तर खराब होते, ते नुकसान वेगळं. खाडीकाठी घर असेल तर बॅटरी जमिनीवर ठेवू नका. खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतात, त्यांना पेट्रोलियम जेली लावत जा.

पाण्याचा प्रश्न जनरेटर सोडवतो. पण त्याच्याइतकं सांभाळावं लागणारंही दुसरं काही नाही. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना साधारण एक किलोवॉट घेते, पण सुरू होताना तिप्पट-चौपट करंट ओढते. त्यामुळे स्वस्तातला लहान जनरेटर आणाल तर तो मोटर उचलतच नाही; अडीच-तीन केव्हीए (जनरेटरची ताकद मोजायचं माप) क्षमतेचा लागतो. तेवढं चाळीस-पंचेचाळीस किलोचं धूड पाखाडीने खाली कोण उतरवणार, दोरी खेचून सुरू कोण करणार? आमच्या वाडीत एका काकूंच्या मुलाने जनरेटर पाठवला. वर्षभर तो ताडपत्रीखाली उभा. टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन कार्बुरेटरमध्ये चिकटलं, आणि पहिल्याच वादळी रात्री काकूंनी दोरी खेचून खेचून हात दुखवून घेतला. जनरेटर महिन्यातून एकदा भारावर चालवायचा असतो. शेजारचा एखादा मुलगा ते नेमाने करणार असेल तरच घ्या. पेट्रोल तासाला लिटरभराच्या आसपास जातं. वादळानंतर रस्त्यावर झाडं पडलेली असतात आणि पंप तालुक्याच्या गावी, म्हणून तो रात्रभर पंखा फिरवायला वापरू नका. रोज अर्धा तास मोटर चालवून टाकी भरा, त्याच वेळात मोबाइल आणि बॅटऱ्या चार्ज करून घ्या आणि बंद करा.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगतो, कारण इथे जीव जातो. जनरेटर पडवीत, ओटीवर, खिडकीखाली कुठेही चालवायचा नाही, कितीही पाऊस असो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. पावसासाठी घरापासून लांब, चारी बाजूंनी उघडं छप्पर करा. दुसरं म्हणजे जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून अख्खं घर चालू करू नका. तो करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून त्याचा दाब वाढतो, आणि बंद लाइन समजून खांबावर चढलेल्या वायरमनला बसतो. परजिल्ह्यांतून येऊन आपले खांब उभे करणारी ही माणसं आहेत. घर एका वेळी एकतर बाहेरच्या लाइनला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवणार नसाल तर जनरेटर घेऊच नका.

सोलरमध्ये एक मोठा गैरसमज आहे. 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून गावागावांत छपरावर पॅनेल दिसू लागली. अनुदान मिळतं, बिल उतरतं, उत्तम आहे. पण नेट मीटरवाली (जादा वीज बाहेर दिल्याचा हिशेब ठेवणारी) साधी ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेली, यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतः बंद होते. वर सांगितलेल्या वायरमनच्या जिवासाठीच ती तशी बनवलेली असते. छपरावर तीन किलोवॉट आणि घरात काळोख, हे वादळात होणारच. वीज गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीसह हायब्रीड, म्हणजे लाइन नसतानाही चालणारी यंत्रणा लागते, आणि खर्च बराच वाढतो. मधला मार्ग मला जास्त पटतो : असलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा) लावून 300-350 वॉटचं एक पॅनेल जोडायचं. स्वच्छ उन्हात ते दिवसाला युनिटभर वीज देतं, म्हणजे दिवे, मोबाइल, बीएलडीसी पंखा निभतो. भर पावसाच्या ढगात मात्र पाचव्या हिश्श्यावर येतं. मोटर यावरही नाही. पॅनेल काढून घरात आणता येईल असं बसवा. वाऱ्यात पॅनेल पत्र्यासारखंच उडतं.

मग घ्यायचं काय? विहीर उघडी असेल आणि पाणी उपसायला माणूस असेल, तर रहाट किंवा कप्पी परत बसवा, दोर नवा आणा, जाळीची किल्ली दाराजवळ टांगा, आणि उरलेल्या पैशात इन्व्हर्टर व ते एक पॅनेल घ्या. माझी पसंती यालाच. घरात फक्त बोअरवेल असेल तर हाताने पाणी येणार नाही. तिथे जनरेटरला पर्याय नाही. तो चार-पाच घरांनी मिळून घ्यावा, म्हणजे चालवणारा हातही मिळतो आणि पेट्रोलही वाटलं जातं. दोन्ही म्हातारी आणि शेजार लांब असेल, तर जनरेटर पाठवू नका. हजार लिटरची जादा टाकी घ्या. माणशी रोज वीस लिटर धरले तर दोघांना तीन आठवडे पुरते. वादळाचा इशारा आला की ती काठोकाठ भरा, कारण रिकामी टाकी वाऱ्याने उडते, भरलेली जागची हलत नाही.

खरेदी एप्रिलमध्येच उरका. इशारा लागल्यावर तालुक्याला ताडपत्रीसुद्धा मिळत नाही, आणि फयान चक्रीवादळ आलं होतं 11 नोव्हेंबरला, 2009 मध्ये. तेव्हा पावसाळा संपला म्हणून दसऱ्यानंतर लगेच रहाटाचा दोर सोडून ठेवू नका.