भांगेवर भांग की फेरपालट? कुणाचा बेवड चालतो, कुणाचा नाही

आधीच सांगतो, इथं बोलतोय ते हेम्पबद्दल, म्हणजे धाग्यासाठी, बियांसाठी किंवा सीबीडीसाठी (भांगेच्या फुलांतून काढतात तो नशा न आणणारा घटक) परवाना काढून लावतात ती औद्योगिक भांग. टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, तिच्यात नावापुरतं असतं, अमेरिका आणि कॅनडात मर्यादा 0.3 टक्के आहे, युरोपियन युनियनमध्ये आधी 0.2 होती ती 2023 पासून 0.3 केली. परवाना नसेल तर पुढचं वाचून काही उपयोग नाही, तो विषयच वेगळा.

तर प्रश्न असा की त्याच रानात दरवर्षी हेम्पच घ्यायची का मध्ये दुसरं काही घालायचं, आणि घालायचं तर काय. बहुतेक लोक सरळ उत्तर देतात, द्विदल घाला, नत्र मिळेल. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यानं चांगलं रान खराब होऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

भांगेवर भांग घेण्याच्या बाजूनं बोलायचं तर पहिली दोन-तीन वर्षं काहीही वाईट दिसत नाही. हेम्प स्वतःच्याच बेवडावर, म्हणजे मागचं पीक हेम्पच होतं अशा रानात, बऱ्यापैकी येते, काही पिकं दुसऱ्याच वर्षी रुसतात तशी ती रुसत नाही. मशीन तेच, बियाणं ओळखीचं, खरेदीदार ठरलेला, डोक्याला ताप नाही. त्यामुळे एकच वर्ष करायची असेल नाहीतर जमीन दोनच हंगामांसाठी हातात असेल तर एखादी पुनरावृत्ती खपून जाते, उगाच घाबरवत नाही. पण पाच-सात वर्षांचा विचार असेल तर मातीत काय साठत जातं ते बघा.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे पांढरी बुरशी, स्क्लेरोटिनिया. उभं झाड एका बाजूनं सुकलेलं दिसतं, खोडावर फिकट पांढुरका पट्टा, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं असेल. ते खोड मधोमध चिरून बघा. आत कापसासारखा बुरा असतो आणि त्यात उंदराच्या लेंड्यांसारखे काळे टणक दाणे. हे दाणे म्हणजे बुरशीनं पुढच्या वर्षांसाठी करून ठेवलेली बेगमी, कापणीच्या वेळी ते खाली सांडतात आणि मातीत चार-पाच वर्षं सहज जिवंत राहतात. नत्र कमी पडलं तर पोत्यातून विकत घालता येतं, हे दाणे मातीतून वेचून काढता येत नाहीत. माझ्या मते फेरपालटीचा सगळा हिशोब इथून सुरू व्हायला पाहिजे, नत्रापासून नाही.

आता गंमत अशी की ही बुरशी चारशेच्या वर प्रकारच्या झाडांवर जगते आणि त्यात सोयाबीन, राजमा, हरभरा, वाटाणा, सूर्यफूल, मोहरी, कॅनोला सगळे येतात. म्हणजे आपण नत्र मिळेल म्हणून सोयाबीन घातलं आणि त्यावर हेम्प लावली तर बुरशीला मधल्या वर्षी पण पाहुणचारच झाला की. आणि सोयाबीनचं नत्र तरी किती उरतं, दाणा काढून नेला की त्यातलं बरंचसं दाण्याबरोबर जातं. धाग्याच्या हेम्पला हेक्टरी 100 ते 150 किलो नत्र लागतं, मागच्या द्विदलाच्या मुळ्यांवरच्या गाठींतून ते सगळं मिळेल अशी आशा करू नका. फायदा होतो, नाही असं नाही, खताचं एखादं पोतं कमी लागतं. ज्या रानात पांढरी बुरशी कधीच दिसली नाही आणि हवा कोरडी असते तिथं मी द्विदलाला नाही म्हणणार नाही. पण थंड, दमट हवा आणि दाट पेरा असेल तर द्विदल हेम्पच्या लगेच आधी नको, दोन वर्षं आधी चालेल. मोहरी आणि सूर्यफूल मात्र मी सरळ यादीतूनच काढीन.

याच्या उलट गहू, जव, ओट यांच्यावर स्क्लेरोटिनिया जगत नाही. तृणधान्याची दोन-तीन वर्षं मध्ये गेली की बुरशीच्या काळ्या दाण्यांचा साठा हळूहळू कमी होतो, म्हणून हेम्पच्या आधी तृणधान्याचाच बेवड बरा. मक्याला एक ‘पण’ आहे, मक्याचं खोड पोखरणारी युरोपियन कॉर्न बोरर नावाची अळी हेम्पचं खोड पण आवडीनं पोखरते, शिवाय मका आणि गव्हाच्या काडावर राहणारी फ्युजेरियम नावाच्या बुरशीची एक जात हेम्पच्या तुऱ्यावर येते. धाग्यासाठी लावणार असाल तर तुऱ्याचं फार वाटून घेऊ नका, बी किंवा फूल हवं असेल तर वाटून घ्या आणि मक्याचं काड तसंच पसरून ठेवू नका. धान्यावर हेम्प घेताना नत्र विकत घालावं लागणार हे उघड आहे. पण तेही बेतानं, कारण धाग्याच्या हेम्पला जास्त नत्र झालं की झाडं एकमेकांना मारत उंच पळतात, खोडं लोळतात आणि धाग्याची प्रत जाते.

तिसरा पर्याय ताग, आणि इथं नावाचा घोळ आधी सोडवू. इंग्रजीत तागाला सनहेम्प म्हणतात त्यामुळे इंटरनेटवर शोधलं की दोन्ही एकत्र येतात, प्रत्यक्षात ताग हे द्विदल, हेम्पशी काही नातं नाही. अंबाडीची काही पानं हुबेहूब भांगेसारखी दिसतात म्हणून तिच्या शास्त्रीय नावातच कॅनाबिनस, म्हणजे ‘भांगेसारखी’, घुसलंय, तिचं पण भांगेशी नातं नाही, ती भेंडीच्या कुळातली. भांगेचं खरं सख्खं नातं बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सशी. असो. ताग हिरवळीचं खत म्हणून दोनेक महिने वाढवून फुलोऱ्याच्या आधी गाडला तर चांगल्या वाढीत हेक्टरी 100 किलोच्या आसपास नत्र त्याच्या पाल्यात असतं, आणि दाणा काढत नसल्यामुळे ते रानातच राहतं. शिवाय मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला (मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) ताग आवडत नाही, तागानंतर त्यांची संख्या घटते, आणि हेम्पला या सूत्रकृमी लागतात त्यामुळे हलक्या वाळूसर जमिनीत हा मोठाच फायदा. तोटा इतकाच की हंगामातली ती जागा बिनउत्पन्नाची जाते, आणि उशीर केला की खोड निबर होतं, कुजता कुजत नाही. हंगाम लांब असेल तर धान्य कापल्यावर मधल्या मोकळ्या वेळात ताग बसतो, मला तरी हा सगळ्यात शहाणा तोडगा वाटतो.

लोक एक बाजू विसरतात ती म्हणजे हेम्प स्वतः पुढच्या पिकाला काय देते. चौरस मीटरला शे-दोनशे रोपं असा धाग्याचा पेरा केला तर तीन-चार आठवड्यांत पानांनी पानं मिळतात, खाली ऊन पोचत नाही, तण दबून जातं. पानं खाली गळतात, काडी धागा सुटायला रानातच काही आठवडे दवावर पडलेली असते, त्यातून बरीचशी अन्नद्रव्यं मातीत परत जातात. हेम्पनंतरच्या गव्हाला रान स्वच्छ आणि भुसभुशीत मिळतं. युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात जास्त हेम्प पिकवतो तो फ्रान्स आणि तिथं ती हिवाळी गव्हाच्या आधीचं पीक म्हणून चांगली मुरलेली आहे. म्हणजे फेरपालट हेम्पसाठी करायची असं आपण म्हणतो पण खरं तर गव्हावर गहू घेऊन थकलेल्या रानात फेरपालटीसाठी हेम्प आणणंच जास्त शोभतं. फक्त धसकटं आणि काडीचे तुकडे गाडले तर ते कुजताना सुरुवातीला मातीतलं नत्र ओढून घेतात, गव्हाच्या पेरणीला हे लक्षात ठेवा.

बियांच्या हेम्पची गोष्ट थोडी वेगळी, पेरा विरळ असतो त्यामुळे तण दबण्याचा फायदा कमी, आणि कापणीला बी सांडतं. पुढच्या वर्षी गव्हात हेम्पची रोपं डोकं वर काढतात आणि परवान्याच्या हिशोबात ती रोपं म्हणजे डोकेदुखी, वेळेत उपटावी लागतात. गव्हात ती पटकन ओळखू येतात, हेम्पवर हेम्प असेल तर मागच्या वर्षीची कुठली आणि या वर्षीची कुठली कोण सांगणार.

सीबीडीच्या फुलांसाठी तर हा प्रश्न अजून नाजूक, कारण झाडं मीटर-दीड मीटरवर आणि एकेका झाडाची किंमत मोठी. मुळकुज आणि मर घडवणारं फ्युजेरियम मातीत वर्षानुवर्षं राहतं, रोपं मरायला लागली की नुसती जागा रिकामी राहत नाही, घातलेला पैसा जातो. इथं तीन-चार वर्षांत एकदाच हेम्प असंच धरा. आणि मागच्या वर्षी सांडलेल्या बियांतून एखादं नर झाड उगवलं तर परागकण सगळीकडे, फुलांत बी भरलं की माल गेला. कुंडीत किंवा पॉलीहाऊसमध्ये माध्यम, म्हणजे रोप लावायचं भरण, बदलून लावणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांनी माध्यम आणि अवजारं स्वच्छ ठेवावीत.

फेरपालटीनं न सुटणाऱ्या गोष्टी पण आहेत. करडी बुरशी हवेतून येते, लाल कोळी कुठूनही येतो, हॉप लेटंट व्हायरॉइड हा विषाणूसारखा रोगजंतू कलमांतून आणि कात्रीतून पसरतो, त्याला मागच्या वर्षी गहू होता का हेम्प याचं काही देणंघेणं नाही. पांढऱ्या बुरशीचे बीजाणू पण वाऱ्यानं येतात, शेजारच्या रानात सूर्यफूल सडत असेल तर आपली चार वर्षांची शिस्त थोडी वाया जाणारच. आणि खोल नांगरटीनं ते काळे दाणे खाली गाडले जातात हे खरं, वरच्या चार-पाच सेंटिमीटरमधलेच रुजतात हेही खरं, पण पुढच्या वर्षी परत खोल नांगरलं की तेच दाणे वर.

जमीन भाड्यानं घेत असाल तर कागदावर सही करायच्या आधी आधीच्या कसणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. मागच्या चार वर्षांत मोहरी, सूर्यफूल किंवा राजमा होता का, कुठलं तणनाशक कधी मारलं, कारण काहींचा अंश पुढच्या हंगामापर्यंत टिकतो आणि हेम्पची रोपं उगवल्या उगवल्या पिवळी पडतात, आणि पाणी कुठं साचतं. मग कुदळीनं एक खड्डा काढून उभ्या पिकाचं किंवा तणाचं मूळ बघा. मूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलेलं असेल तर खाली तवा, म्हणजे मातीचा कडक थर, बसलाय, हेम्पची सोटमुळी पण तिथंच वळणार, आणि तो तवा फोडल्याशिवाय आधी गहू होता का ताग याची चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.