मोठ्या क्लबचा बाक की क्लबामागून क्लब? सही करण्याआधी मिडफिल्डरने काय तोलावं

समज, तू फुटबॉलमध्ये मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीचा खेळाडू आहेस आणि तुझं वय एकवीस-बावीस आहे. मोठा क्लब दोन वर्षांची मुदतवाढ देतोय, पण मधल्या फळीत प्रशिक्षकाच्या यादीत तुझा नंबर पाचवा, म्हणजे बहुतेक सामने राखीव खेळाडूंच्या बाकावर. दुसरीकडे खालच्या श्रेणीतला एक क्लब म्हणतोय, ये, पहिल्या सामन्यापासून अकरात खेळ. घरचे म्हणतात मोठं नाव सोडू नकोस. एजंट म्हणतो चल निघू. दोघांचंही थोडं खरं आहे, म्हणूनच झोप लागत नाही.

मी मधल्या फळीत खेळून पोट भरलं, सहा क्लब बदलले. त्यातले दोन निर्णय चांगले ठरले आणि एक फार महागात पडला. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगतो: खेळायला मिळेल तिथे जा, पण निदान दोन हंगामांचा करार असेल तरच. एकेका वर्षाच्या करारावर दर उन्हाळ्यात बॅग भरायची असेल, तर मोठ्या क्लबचा बाक त्याहून बरा.

याचं कारण आपल्या जागेत आहे. स्ट्रायकरचे गोल कागदावर लिहिलेले असतात आणि तो आकडा त्याच्यासोबत कुठेही जातो. मिडफिल्डरचा खेळ शेजाऱ्यांवर उभा असतो. मागून सेंटर-बॅकचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, पास येतोय, तुझी पाठ समोरच्या गोलकडे आहे. चेंडू पायाशी यायच्या आत तू दोन्ही खांद्यांवरून एकेकदा मागे पाहिलेलं असतं. पण मानेच्या त्या झटक्यात फक्त अर्धं चित्र दिसतं. उरलेलं अर्धं माहितीचं असतं: आपला राइट-बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, पास पडायच्या आधीच धावत सुटतो, डाव्या कडेने खेळणारा विंगर चेंडू पायातच मागतो, सोबतचा मिडफिल्डर ‘वळ’ म्हणून ओरडला तर डोळे मिटून वळावं. ही माहिती जमायला दहा-पंधरा सामने जातात. बाकावर बसून ती जमत नाही, आणि दरवर्षी क्लब बदलला तर जमलेली पुसली जाते. दोन्ही रस्त्यांवर नुकसान एकच होतं, फक्त वेगवेगळ्या बाजूने.

मिनिटं

बाकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायलाच हवी. आपल्याहून सरस मिडफिल्डरांसोबत रोज सराव केला की पायांचा वेग वाढतो. रोंडोमध्ये, म्हणजे गोल करून चेंडू फिरवायच्या सरावात, मधे उभं राहून दहा मिनिटं चेंडूमागे धावलेला माणूस पुढच्या आठवड्यात एका स्पर्शात पास द्यायला शिकतो. वर्षभर ही शाळा उत्तम आहे. पण सरावात कधीच न भेटणाऱ्या गोष्टी आहेत: ऐंशीवं मिनिट, एका गोलची आघाडी, तुझ्या नावावर एक पिवळं कार्ड, आणि समोरचा ताज्या दमाचा बदली खेळाडू तुझ्याच अंगावर धावून येतोय. तिथे फाउल करायचा की मागे सरकायचं, हे सामन्यातच कळतं.

बेल्जियमचा मिडफिल्डर केव्हिन डी ब्रॉयना चेल्सीत असताना संघासाठी इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे फक्त 3 सामने खेळला. जानेवारी 2014 मध्ये तो जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गला गेला. 2015 मध्ये जर्मनीतला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि त्याच वर्षी मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं. लासाना दियारा आर्सेनलमध्ये खेळायला मिळेना म्हणून जानेवारी 2008 मध्ये पोर्ट्समथला गेला. चार महिन्यांत इंग्लंडचा एफए कप जिंकला, आणि वर्षभराच्या आत रेआल माद्रिदमध्ये होता. उलट बाजूला जॅक रॉडवेल. एकविसाव्या वर्षी, 2012 मध्ये, एव्हर्टनहून मँचेस्टर सिटीत आला आणि दोन हंगामांत लीगचे 16 सामने खेळला. दुखापतींनी त्याला छळलं, हे खरंच. पण घडण्याच्या वयातली ती दोन वर्षं परत येत नाहीत.

डी ब्रॉयना अपवादात्मक गुणाचा होता, सगळ्यांचं तसं होणार नाही, हे मलाही कळतं. पण त्याचं कौशल्य चेल्सीच्या बाकावर होतं तेवढंच होतं. ते दिसलं मैदानावर.

मधला रस्ता: लोन

लोन म्हणजे करार मूळ क्लबशीच ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळणं. त्यात दोन्हींचा फायदा, असं सांगितलं जातं. योग्य वेळी ते खरंही असतं. लुका मॉड्रिच अठरा वर्षांचा असताना डिनामो झाग्रेबने त्याला बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तारला लोनवर पाठवलं. अंगावर येणाऱ्या, धसमुसळ्या लीगमध्ये तो हलका पोरगा वर्षभर टिकला. वेस्ट हॅमसाठी 550 सामने खेळून 2022 मध्ये निवृत्त झालेला मार्क नोबल म्हणजे एका क्लबचा माणूस. तोही सुरुवातीला हल आणि इप्सविचला लोनवर जाऊन आला होता.

पण लोनवरचा खेळाडू त्या क्लबचा नसतो. तुला घडवण्यात त्यांचा पैसा अडकलेला नसतो, म्हणून दोन सामने खराब गेले की त्यांचा स्वतःचा पोरगा आत येतो. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमांत लोन एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं आणि लोनवर घेतलेल्या खेळाडूला पुढे तिसऱ्या क्लबकडे लोनवर धाडता येत नाही. क्लबांनी ढिगाने खेळाडू बाहेर ठेवू नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय लोनवरही मर्यादा आली. 1 जुलै 2024 पासून ती बाहेर दिलेले सहा आणि आत घेतलेले सहा खेळाडू अशी आहे. क्लबने स्वतः घडवलेले 21 वर्षांपर्यंतचे खेळाडू त्यातून वगळलेत. म्हणजे बावीस ओलांडलेला खेळाडू लोनवर ठेवणं क्लबला आता तितकं सोपं राहिलेलं नाही. पहिलं लोन शिकण्यासाठी, दुसरं सिद्ध करण्यासाठी. तिसऱ्या लोनचा कागद समोर आला की समज, क्लबने तुझ्याबद्दल ठरवून टाकलंय.

पैसा आणि कागद

मोठ्या क्लबचं मूळ वेतन बहुधा जास्त असतं. छोट्या क्लबच्या कागदावर एकूण आकडा गुबगुबीत दिसतो, कारण त्यात खेळलेल्या सामन्यांचा बोनस, विजयाचा बोनस, वरच्या श्रेणीत गेल्याचा बोनस मिसळलेला असतो. घोटा मुरगळून तीन महिने बसलास तर हातात काय पडेल, तो आकडा वेगळा काढून दोन्ही कागदांवर शेजारी लिही. संघ खालच्या श्रेणीत घसरला तर पगार किती कापला जाईल, हे कलम नेमकं शेवटच्या पानावर असतं. मी ते एकदा वाचलं नव्हतं. तोच तो महागात पडलेला निर्णय.

फिरत्या मिडफिल्डरला फिफाचे काही नियम पाठ असलेले बरे. करार साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा, देशाच्या कायद्यात वेगळी मुभा नसेल तर. शेवटचे सहा महिने उरले की तू दुसऱ्या क्लबशी बोलू शकतोस. दोन महिन्यांचं वेतन बेकायदा थकलं, तर पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडण्याचा हक्क मिळतो. एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. आणि बाकावरच्यांसाठी एक: प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू हंगामातल्या अधिकृत सामन्यांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी सामन्यांत उतरला असेल, तर त्या कारणावरून करार संपवायची वाट आहे. ती अरुंद आहे, मुदत थोडी आहे, वकिलाशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

करार संपला की मोकळं होता येतं, हेदेखील एका मिडफिल्डरच्या करिअरची किंमत देऊन मिळालंय. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन. 1990 मध्ये लिएज क्लबबरोबरचा करार संपला, त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबला जायचं होतं आणि जाऊ दिलं गेलं नाही. 15 डिसेंबर 1995 ला युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तोवर त्याची उमेदीची वर्षं निघून गेली होती. वर आलेला दियारासुद्धा इथे पुन्हा भेटतो. 2014 मध्ये लोकोमोटिव्ह मॉस्कोबरोबरचा करार तुटला, भरपाई म्हणून 10.5 दशलक्ष युरोंचा बोजा अंगावर आला, आणि बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबला हवा असूनही जाता आलं नाही, कारण नवा क्लबही त्या भरपाईत ओढला जाण्याची भीती होती. फिफाचे ते नियम युरोपीय कायद्याशी विसंगत असल्याचं न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 ला सांगितलं, तेव्हा तो कधीच निवृत्त झाला होता. भांडण जिंकूनही हंगाम हरता येतो. प्रशिक्षकाशी वाजलं म्हणून करार फेकून निघण्याआधी हे आठव.

घर

याबद्दल एजंट बोलत नाही. नव्या क्लबचा पहिला दिवस: डॉक्टर तुझा जुना एमआरआय खिडकीकडे धरून पाहतो, मग गुडघा दोन्ही हातांत पकडून ओढतो आणि काही न बोलता काहीतरी लिहितो. ड्रेसिंग रूममधल्या खुंटीवर अजून आधीच्या खेळाडूचं नाव असतं. पहिले सहा आठवडे हॉटेलची खोली. नंतर भाड्याचं घर, आणि त्या घरात एक खोकं असं असतं जे तू कधी उघडतच नाहीस, कारण पुन्हा बांधावंच लागणार असतं. माझ्याकडचं तसं एक खोकं तीन घरांत तसंच्या तसं फिरलं.

मुलं शाळेत जायला लागली की हे वजन दुप्पट होतं. एकटा असशील तर भटकंतीत आनंदही आहे. टॉटनहमकडून खेळलेला रोहन रिकेट्स पुढे कॅनडा, हंगेरी, मोल्दोव्हा, जर्मनी, आयर्लंड, गोव्याचा डेम्पो, इक्वाडोर असा खेळत गेला. त्या आयुष्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. फक्त प्रत्येक ठिकाणी ‘वळ’ आणि ‘मागे माणूस आहे’ हे दोन शब्द नव्या भाषेत शिकावे लागतात, आणि ते पहिल्याच सामन्याआधी यावे लागतात.

फिरणं आणि मुक्काम

मला सर्वात पटणारं उदाहरण जेम्स मिल्नरचं. लीड्सकडून सोळाव्या वर्षी पदार्पण, मग न्यूकॅसल, ॲस्टन व्हिला, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, ब्रायटन. सहा क्लब म्हटले की भटका वाटेल. पण न्यूकॅसलशी करार चार वर्षं टिकला, सिटीत पाच वर्षं, लिव्हरपूलमध्ये आठ. तो विंगर होता, मग मिडफिल्डर झाला, गरज पडली तेव्हा लेफ्ट-बॅक खेळला. तो फिरला, पण जिथे गेला तिथे शेजारी ओळखीचे होईपर्यंत राहिला. क्लब किती बदलले यापेक्षा प्रत्येक ठिकाणी किती टिकलास, हे पुढचा क्लब पाहतो. तीन वर्षांत तीन क्लब दिसले की तुझा खेळ पाहण्याआधीच ‘याचं काय बिनसतं?’ हा प्रश्न विचारला जातो.

म्हणून त्या छोट्या क्लबला विचार: मी कोणाला हवा आहे? फक्त प्रशिक्षकाला हवा असशील, तर त्याची हकालपट्टी झाली की तू अर्ध्या हंगामात पुन्हा बाकावर, तोही कमी पगारात. क्रीडा संचालकालाही हवा असशील तर पायाखाली जमीन आहे.

आणि सही करण्याआधी त्यांचे शेवटचे पाच सामने पूर्ण पाहा, हायलाइट्स नकोत. एक वही घे. गोलकीपर आणि सेंटर-बॅक चेंडू मधल्या फळीच्या डोक्यावरून किती वेळा लांब मारतात, त्याच्या रेघा ओढ. मधल्या दोघांच्या पायात जमिनीवरून किती वेळा देतात, त्याच्या शेजारी ओढ. पहिला रकाना दुसऱ्याच्या तिप्पट भरला, तर तिथे तुला नव्वद मिनिटं मिळतील पण चेंडू मिळणार नाही. मग एजंटला सांग, दुसरा क्लब शोध, आणि तोवर बाकावर बसायची माझी तयारी आहे.